फॅक्सने पाठवलेलं आरोपपत्र

पुस्तक उघडल्यावर चौथ्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या टायपात माझं नाव असतं. ‘मूळ संहितेशी पडताळणी : मुक्ता’. आडनाव मी लावत नाही. ते पान कुणी वाचत नाही, हे मला माहीत आहे. माझे बाबाही वाचत नाहीत. त्यांना बोट ठेवून दाखवावं लागतं.

काम असं असतं. जपानी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद तयार झाला की एका हाताला मूळ पुस्तक आणि दुसऱ्या हाताला अनुवाद घेऊन बसायचं, आणि वाक्याशी वाक्य लावून बघायचं. काही गळलं का, काही वाढलं का, धाकटी बहीण थोरली झाली का. चूक दिसली की समासात पेन्सिलीने खूण करायची. पेन्सिलीनेच, कारण निर्णय अनुवादकाचा. पडताळणारीने फक्त दाखवायचं. हा नियम मला पहिल्या दिवशी सांगितला गेला होता आणि आजवर मी तो एकदाच मोडला. त्या एका वेळेबद्दल लिहिते आहे. शेवट बरा झाला, म्हणून हे धाडस. नाहीतर हे पान या अंकात कोरंच राहिलं असतं.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. बहुतेक जण गाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपनीत जातात. मीही सिंगापूरला आले ती आंग मो किओमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत दुभाषी म्हणून. दोन वर्षांनी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर गेले, एवढीच माझी कारकीर्द. चौथ्या मजल्यावर सर्किट बोर्डवाल्यांच्या शेजारी आमचं तीन माणसांचं ऑफिस आहे. जपानी पुस्तकांचे अनुवाद इथे तयार होतात आणि लंडनला छापायला जातात. आईला अजून वाटतं मी त्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतच आहे. पत्ता तोच असल्यामुळे मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

ज्यांच्या पुस्तकाची ही हकीकत, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. ऑफिसात आम्ही त्यांना नुसतं ‘सेन्सेई’ म्हणतो. जपानीत गुरुजींना, डॉक्टरांना, लेखकांना असंच म्हणतात. सेन्सेई उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावात राहतात. आयुष्यभर तिथल्या शीतगृहाच्या ऑफिसात कारकुनी केली. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, बर्फाच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला कादंबरी लिहायच्या. पन्नाशीला आल्यावर पहिलं पुस्तक निघालं. त्याला मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा त्या समारंभाला गेल्या नाहीत, कारण त्या आठवड्यात गावात सॅमन मासा आला होता आणि ऑफिसात माणसं कमी होती. मुलाखत देत नाहीत. ईमेल वापरत नाहीत. त्यांच्याकडे फॅक्स आहे, म्हणून आमच्याकडेही आहे. सबंध इमारतीत तो एकच फॅक्स असावा. दुसऱ्या मजल्यावरची तरुण इंजिनीअर मंडळी कधीतरी येऊन त्याच्यासोबत फोटो काढून जातात.

त्यांचं लिखाण कसं आहे, हे सांगणं अवघड आहे. त्यांच्या पुस्तकात कुणी रडत नाही. नवरा समुद्रावरून परत आला नाही, हे कळल्यावर बाई आधीच धुतलेला तांदूळ पुन्हा एकदा धुते. बस. पुढच्या वाक्यात पाणी गढूळ होतं की स्वच्छ, एवढंच. वाचणारा त्या पाण्यापाशीच थांबतो आणि लेखिका केव्हाच दुसऱ्या खोलीत निघून गेलेली असते.

लंडनवाल्यांची नेमकी अडचण इथे होते. तिकडचे संपादक समासात लिहून पाठवतात : ‘हिला इथे काय वाटतंय?’ ‘वाचकाला थोडी मदत करा.’ एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी मांजर टाकलं. कादंबरीत मांजर नव्हतं. मी तावातावाने लिहिलं की तीनशे पानांत एकही मांजर नाही. उत्तर आलं, ‘खरं आहे, पण जपानी पुस्तकावर मांजर असलं की लोक हातात घेतात.’ मी ऑफिसला ते सेन्सेईंना कळवायला लावलं. त्यांचा फॅक्स आला : ‘पुस्तकात नाही. पण माझ्या खिडकीत एक येतं. त्याचं चित्र काढत असतील तर हरकत नाही. त्याचा डावा कान फाटलेला आहे.’ लंडनवाल्यांनी कान फाडला नाही. मला त्याचाही राग आला.

राग हा माझ्या घरचाच आहे. पिंपरीच्या आमच्या घरात मी अक्षरं शिकले ती बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर. गोष्टीची पुस्तकं नंतर आली, आधी ‘कामगार बंधूंनो’ आलं. घड्या घालायला मला पाचव्या वर्षी बसवलं. पत्रकात जग दोनच बाजूंचं असतं आणि आपली बाजू ठळक टायपात असते. हे वाचन रक्तात गेलं की प्रत्येक टेबलापलीकडे मालक दिसायला लागतो.

तर लिम अंकल. अनुवादक. वय बहात्तर, राहणार बेडोक, नववा मजला. तरुणपणी जहाजदुरुस्तीच्या जपानी गोदीत हजेरी घ्यायचे, तिथे भाषा शिकले. युद्धात जपान्यांनी सिंगापूर ताब्यात घेतलं, ते दिवस त्यांच्या आईने पाहिले होते. मुलगा जपानीच्या वर्गाला जातो हे कळल्यावर ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी अनुवाद सुरू केले आणि सेन्सेईंची तीन पुस्तकं इंग्रजीत आणली. चौथं हातात घेतलं तेव्हा त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग यायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तो वाढत जाणार. अंकलनी भिंग लावलेला दिवा आणला आणि एकेक ओळ त्याखाली सरकवत चार वर्षं काम केलं. हे शेवटचं पुस्तक, हे त्यांना, आम्हाला, सगळ्यांना माहीत होतं.

दर महिन्याला मी बेडोकला जायची. त्यांचे प्रश्न लिहून घ्यायचे, ते जपानीत मांडायचे, त्यांची सही घ्यायची आणि सेन्सेईंना फॅक्स करायचा. अंकलची सही नसलेला कागद सेन्सेईंकडे जात नाही. हाही नियमच होता.

अनुवाद पूर्ण होऊन माझ्या टेबलावर आला, आणि मी घरून माझी प्रत आणली. ऑफिसने खिशात मावणाऱ्या आवृत्तीचं स्कॅन दिलं होतं, पण अक्षर बारीक होतं. माझी कठीण बांधणीची प्रत कॉलेजात असताना घेतलेली, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, लाडकी. पुस्तक एकच, मोठ्या अक्षरात वाचलं तर काय बिघडलं?

पहिल्या प्रकरणातच तीन वाक्यं गायब होती. दुसऱ्यात एक परिच्छेद. समासात खुणा करायचं सोडून मी वही काढली. ‘पान अमुक, ओळ तमुक, गाळलं.’ वही भरत गेली. सहाव्या प्रकरणापर्यंत मी अंकलना मनातल्या मनात जाब विचारू लागले होते. आणि सातवं प्रकरण नव्हतंच.

सातवं प्रकरण म्हणजे मासे साफ करणाऱ्या बायकांचा संप. थंडीने हात फाटलेल्या बाया कारखान्याच्या दारात अकरा दिवस बसतात. याच प्रकरणासाठी मी जपानी चिकाटीने शिकले, असं म्हटलं तरी चालेल. बाबांना मी ते फोनवर तोंडी मराठीत ऐकवलं होतं. आणि इंग्रजीत सहाव्यानंतर थेट आठवं!

मला वाटलं, कळलं. यांना हवा असतो तो चहाचा, बर्फाचा, मांजराचा जपान. सुजलेल्या हातांचा नको. लंडनने सांगितलं असणार आणि अंकलनी कापलं असणार. शेवटच्या पानावर तर पुरावाच मिळाला. मुळात बाई फेरीबोटीच्या खिडकीची झडप ओढते आणि पुस्तक संपतं. इंग्रजीत झडप ओढल्यावर एक वाक्य जास्तीचं : ‘तिला फार एकटं वाटलं.’

शुक्रवारी दुपारी मी चार पानं लिहिली. ‘सेन्सेई, तुमच्या कादंबरीचं सातवं प्रकरण लिम-सान यांनी कापलं आहे’ अशी सुरुवात; ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’. पुढे वहीतली यादी. शेवटी, ‘या अनुवादाला आपण मान्यता देऊ नये.’ खाली माझी एकटीची सही. फॅक्सने कागद आत ओढून घेतला. मला अगदी हलकं वाटलं, पत्रकं वाटून रिकाम्या हाताने घरी येताना वाटायचं तसं.

सोमवारी मी हे आमच्या प्रमुख, जोसलिनला अभिमानाने सांगितलं. जोसलिन कधी आवाज चढवत नाही. तिने हातातली कॉफी खाली ठेवली.

‘‘अय्यो, मुक्ता. सेन्सेईंची मान्यता आली नाही तर पुस्तक छापता येत नाही. माहीत आहे ना?’’

‘‘माहीत आहे. म्हणूनच लिहिलं.’’

‘‘आणि अंकलना पुन्हा चार वर्षं मिळणार आहेत का? त्या डोळ्यांनी?’’

मी वही तिच्यापुढे सरकवली.

‘‘त्यांना विचारलंस?’’

‘‘काय विचारायचं? समोर दिसतंय.’’

‘‘मग आता जा आणि तुझ्या तोंडाने सांग. मी नाही सांगणार लाह.’’ वाक्याला ‘लाह’ लावणं ही इथल्या बोलण्याची ढब.

बेडोकला अंकलनी नेहमीसारखी कॉफी केली, बिस्किटांचा डबा उघडला. मी उभ्यानेच म्हटलं, ‘‘अंकल, मी सेन्सेईंना पत्र पाठवलंय. तुमच्याविरुद्ध.’’

‘‘किती पानं?’’

‘‘चार.’’

‘‘चार! माझ्या प्रश्नांना तू अर्धं पान देतेस.’’

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘कुठला संप?’’

मला वाटलं, वेड पांघरताहेत. ‘‘कुठला म्हणजे? सातव्या प्रकरणातला! अकरा दिवसांचा!’’

ते उठले आणि आतून त्यांची प्रत घेऊन आले. खिशातली आवृत्ती, चिठ्ठ्या लावून लावून फुगलेली. ‘‘दाखव.’’

मी पानं उलटली. सहावं प्रकरण फेरीबोटीच्या भोंग्यावर संपलं. सातवं बर्फ उपसण्याच्या फावड्यापासून सुरू झालं. माझ्या प्रतीत ते आठवं होतं. मी मागे गेले, पुढे गेले. माझ्या वहीतलं पहिलं गायब वाक्य शोधलं. नव्हतं. दुसरं, तिसरं, नव्हतं.

बाहेरच्यांसाठी सांगते. जपानात कादंबरी बहुधा तीनदा जन्मते. आधी मासिकातून, मग कठीण बांधणीत, मग दोन-तीन वर्षांनी खिशातल्या स्वस्त आवृत्तीत. काही लेखक प्रत्येक वेळी पुन्हा हात फिरवतात, आणि शेवटची तीच खरी मानतात. आपल्याकडे दुसरी आवृत्ती म्हणजे पहिलीच, फक्त किंमत वाढलेली. मी जपानी शिकले होते, परीक्षा दिल्या होत्या, पण पुस्तकाकडे बघायची सवय मराठीच राहिली होती. सेन्सेईंनी स्वतःच कापलं होतं. अंकलनी त्यातला एक शब्द सोडला नव्हता.

‘‘तुझी प्रत दे,’’ अंकल म्हणाले. त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. भिंगाखाली धरून ते सातवं प्रकरण वाचू लागले. एकेक ओळ. तासभर लागला. मी समोर बसून होते. कॉफीवर साय धरली. वाचून झाल्यावर त्यांनी दिवा बंद केला.

‘‘छान आहे. हे करायला मला आवडलं असतं.’’

मग ते चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. ‘‘चार वर्षं तू दर महिन्याला इथे येतेस. माझ्या कॉफीत माझीच बिस्किटं बुडवतेस. एक वाक्य विचारता आलं नाही? ‘अंकल, संप कुठे गेला?’ चार शब्द!’’

‘‘नाही आलं,’’ मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘शेवटचं वाक्य मात्र माझं आहे. ‘एकटं वाटलं’वालं. लंडनवाल्यांनी तीनदा मागितलं. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी दमलो होतो.’’

त्याच दुपारी दुसरा फॅक्स गेला. तीन ओळी : ‘चूक माझी. मी जुनी आवृत्ती धरली. लिम-सान यांनी काहीही कापलेलं नाही.’ उत्तर नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. सेन्सेई रागावल्या की बोलत नाहीत, गप्प होतात, हे त्यांच्या सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. सर्किट बोर्डवाल्यांची लिफ्ट थांबल्याचा आवाज आला तरी मी फॅक्सकडे बघायची.

बाबांना फोन केला. संप कापला म्हटल्यावर ते आधी उसळले, ‘‘काढ पत्रक!’’

‘‘काढलं बाबा. चुकीच्या माणसावर काढलं.’’

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, ‘‘अगं मुक्ते, मीही एकदा चुकीच्या मॅनेजरचं नाव छापलं होतं. सारखं आडनाव. बिचारा स्टोअरचा माणूस.’’

‘‘मग काय केलंत?’’

‘‘दुरुस्तीचं पत्रक काढलं.’’

‘‘मग?’’

‘‘ते कुणी वाचलं नाही. त्याची बायको आमच्या आळीत भाजीला यायची. माझ्याकडे बघायची नाही.’’ मग म्हणाले, ‘‘तुझं वाचणारी एकच बाई आहे ना? मग आशा आहे.’’

सहा कामाचे दिवस गेले. या दिवसांत अंकल प्रुफं तपासत राहिले. पुस्तक निघेल की नाही याचा पत्ता नसताना रोज सहा पानं, भिंगाखाली. जोसलिन म्हणाली, ‘‘मी त्यांना म्हटलं, थांबा. म्हणाले, डोळे थांबत नाहीत.’’ हे ऐकून मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

पुढच्या मंगळवारी सकाळी फॅक्स कुरकुरला. एक पान, दोन, तीन, चार. माझंच पत्र परत आलं होतं. सेन्सेईंनी ते प्रूफ तपासावं तसं तपासलं होतं. पहिल्या पानावर माझ्या जपानीच्या दुरुस्त्या : हा शब्द उद्धट, हा जुनाट, इथे स्वल्पविराम. पहिल्या वाक्यात ‘लिम-सान यांनी’वर सरळ रेघ, समासात ‘मी’. खाली पुन्हा ‘लिम-सान यांनी’, पुन्हा रेघ, पुन्हा ‘मी’. चारी पानांत जिथे जिथे आरोप होता, तिथे तिथे. फक्त शेवटी, त्या एकटेपणाच्या वाक्यापाशी, नाव तसंच ठेवलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं : ‘हे बरोबर. काढावं.’

पाचव्या पानावर पत्र होतं. उशीर झाला कारण फॅक्सचा कागद संपला होता आणि गावातल्या दुकानात मिळत नाही. रागाचं एक अक्षर नव्हतं. मग त्यांनी लिहिलं होतं : ‘त्या संपातली एक बाई अजून इथे मासे विकते. पुस्तक निघाल्यावर ती ते घेऊन आली आणि म्हणाली, लिहिलंस ते खरं आहे, पण आम्हाला विचारलं नाहीस. मी म्हटलं, आता काय करू? म्हणाली, आमचं आम्हाला परत दे. म्हणून दिलं.’

सहाव्या पानावर मान्यतेचा छापील मजकूर आणि त्याखाली त्यांचा गोल शिक्का.

जोसलिनने तो शिक्का दोनदा पाहिला, कागद माझ्या हातात ठेवला. ‘‘जा. आणि आता श्वास घे लाह.’’

मला आजही वाटतं की ते प्रकरण जगाने वाचायला हवं होतं. हे मी त्या मासेवालीसमोर म्हणू शकले नसते, एवढंच. पण एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर मला प्रकरणाचं काही वाटत नव्हतं. मांडीवरची सहा पानं मी दोन्ही हातांनी धरून बसले होते. पुस्तक निघणार होतं.

अंकलना हाताचं अक्षर भिंगातूनही लागत नाही आता. ‘‘वाच,’’ म्हणाले. मग मीच लिहिलेला आरोप मला त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावा लागला, सेन्सेईंच्या दुरुस्त्यांसकट. ‘‘सातवं प्रकरण मी कापलं आहे.’’

‘‘पुन्हा वाच.’’

पुन्हा वाचलं. मी पुढे जाऊ लागले की ते हात वर करायचे. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ते मान मागे टाकून आवाज न करता हसत होते, आणि मीही हसायला लागले, नाक पुसत.

शेवटच्या पानाचं प्रूफ टेबलावर होतं. अंकलनी ते दिव्याखाली ओढलं, पेन्सिल घेतली, थोडा वेळ धरली आणि माझ्यापुढे केली.

‘‘तू मार. माझी रेघ आता सरळ जात नाही.’’

‘‘अंकल, निर्णय अनुवादकाचा असतो.’’

‘‘घेतला की. मार.’’

मी ‘तिला फार एकटं वाटलं’वर रेघ मारली. झडप खाली आली, आणि पुस्तक तिथे संपलं.